मावशीच्या वाळवणाची यादी अन् फोन नंबरांची साफसफाई

होळी झाली की आमच्या मावशीच्या स्लॅबवर जुन्या साड्या अंथरल्या जातात अन् वाळवण सुरू होतं. कुरडया, मुगवड्या, साबुदाण्याच्या चकल्या, सरगुंडे, उडदाचे पापड, भरल्या मिरच्या. नागपूरच्या उन्हाचा एवढा एकच फायदा आहे असं ती म्हणते. धंदा बारा वर्षांचा, घरगुतीच, पण गिऱ्हाइकं महालापासून बेसापर्यंत अन् नागपूरबाहेरही, आणि त्या सगळ्यांना फेब्रुवारीच्या शेवटी एक मेसेज जातो की बाई आता ऑर्डर सांगा, नंतर बोलू नका मिळालं नाही म्हणून. मागच्या वर्षी तो मेसेज कितीतरी लोकांना गेलाच नाही, काही भलत्यांनाच गेला, एका माणसानं तर मावशीलाच फोन करून झापलं की तुम्ही कोण अन् मला पापड काहून विकून राहिल्या. मग ती यादी माझ्याकडे आली. मी ऑफिसात दिवसभर एक्सेल बघते, अन् आमच्याकडे एक्सेल येतं म्हणजे इन्व्हर्टर पण दुरुस्त करता येतो असा समज आहे.

यादी म्हणजे दोन डायऱ्या, जुन्या फोनमधले कॉन्टॅक्ट, प्रदर्शनातल्या स्टॉलवर लोकांनी भरलेले कागद, अन् कुणा पोरानं मधेच एकदा बनवून दिलेली एक्सेल शीट. सगळं एकत्र केलं तर १३८६ ओळी. तुमचं वाळवण नसेल, क्लास असेल, मंडळ असेल, वाचनालय असेल, दवाखाना असेल, पण यादी अशीच असणार. मी काय काय केलं अन् कुठं कुठं फसले ते लिहिते.

सगळ्यात आधी मूळ यादीची कॉपी करा अन् मूळ फाइल बंद करून ठेवा. कॉपीमधे सुद्धा जुना नंबरचा कॉलम जसाच्या तसा राहू द्या, त्याच्या बाजूला नवा कॉलम काढा, साफ केलेला नंबर तिथं लिहा. हे मी पहिल्या दिवशी केलं नाही. मी डायरेक्ट त्याच कॉलमवर फाइंड अँड रिप्लेस मारलं, की जिथं जिथं ९१ दिसेल तिथून काढून टाक, कारण काही नंबरांच्या पुढं ९१ होतं अन् काहींच्या नव्हतं. आता ९१ हे काही फक्त देशाच्या कोडमधेच येतं असं थोडीच आहे. नंबराच्या मधे ९१ असतं, शेवटी असतं, अन् कितीतरी मोबाइल नंबर स्वतःच ९१ नं सुरू होतात. दोनशेच्या वर नंबर आठ आकडी होऊन बसले अन् कंट्रोल-झेड पण काही कामाचं नव्हतं कारण मी मधे फाइल बंद करून जेवायला गेले होते. मूळ फाइल मावशीच्या पोराच्या मेलमधे सापडली म्हणून वाचले.

एक्सेलचा घोळ

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, फोन नंबर हा आकडा नाही. त्याची बेरीज होत नाही, सरासरी काढता येत नाही, तो पत्ता आहे जो आकड्यांत लिहिलाय एवढंच. पण एक्सेलला हे कळत नाही, त्याला आकडे दिसले की तो रक्कम समजतो. म्हणून पुढचा शून्य गिळतो, अधिकचं चिन्ह उडवतो, अन् नंबर बारा आकडी असला, म्हणजे ९१ धरून लिहिलेला, तर तो नऊ पूर्णांक काहीतरी, ई, अधिक अकरा असा शास्त्रज्ञासारखा दाखवतो. तोपर्यंत ठीक असतं, आत नंबर शाबूत असतो, कॉलमचं फॉरमॅट बदललं की परत दिसतो. पण तशा अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविराम टाकलेली साधी टेक्स्ट फाइल म्हणून, सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं, अन् परत उघडली तर शेवटचे आकडे सगळे शून्य. आमच्या त्या पोरानं हेच केलं होतं. एका सीरिजचे चाळीसेक नंबर एकसारखे दिसत होते, मला वाटलं डुप्लिकेट आहेत, उडवणारच होते. डुप्लिकेट नव्हते, चाळीस वेगवेगळ्या बायांचे नंबर होते ज्यांच्या शेपट्या कापल्या गेल्या होत्या. हे नंबर कुठल्याच फॉर्म्युल्यानं परत येत नाहीत. डायरी उघडून परत टाइप करावे लागतात.

तर नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करा, मग नंबर टाका, उलटं नको. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नका, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा अन् त्या कॉलमला टेक्स्ट सांगा. गूगल शीटमधे आणत असाल तर इम्पोर्टच्या खिडकीत टेक्स्टचे आकडे-तारखा-फॉर्म्युले बनवू का असा एक चेकबॉक्स असतो, त्याची खूण काढून टाका.

मराठी आकडे, स्लॅश अन् न दिसणारा कचरा

मावशीच्या डायरीतले नंबर माझ्या मामेबहिणीनं फोनवर मराठी कीबोर्डनं टाइप केले होते, म्हणजे आकडे मराठी. आपल्याला ९ अन् इंग्रजी नऊ एकच वाटतो, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. गूगल शीटमधे रेजेक्सरिप्लेस म्हणून फंक्शन आहे, त्याला सांगता येतं की इंग्रजी शून्य ते नऊ सोडून बाकी जे दिसेल ते काढून टाक, स्पेस, डॅश, कंस, सगळं. लई कामाचं आहे, मी पण तेच वापरलं. पण मराठी आकडे त्याच्या लेखी आकडेच नाहीत, त्यामुळे ते पण उडाले अन् दीडशे ओळी कोऱ्या. म्हणून हे फंक्शन लावण्याआधी दहा वेळा फाइंड अँड रिप्लेस करायचं, मराठी शून्याच्या जागी इंग्रजी शून्य, मराठी एकच्या जागी इंग्रजी एक, असं नऊपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त ते कॉपीतल्या कामाच्या कॉलमवर करा, मूळ कॉलमवर नाही. अन् त्या फंक्शनला सेलमधे टेक्स्टच लागतं, आकडा दिला तर एरर देतं, तेव्हा आतमधे टू-टेक्स्ट लावा.

कोऱ्या झालेल्या ओळी मोजायची सवय लावा. आधी किती भरलेल्या होत्या, नंतर किती आहेत. हा एकच आकडा लिहून ठेवला असता तर माझी अर्धी संध्याकाळ वाचली असती.

दुसरं, एका सेलमधे दोन नंबर. गूगल कॉन्टॅक्टमधून फाइल काढली की एका माणसाचे दोन मोबाइल असतील तर ते एकाच सेलमधे येतात, मधे तीन कोलन असतात. डायरीत स्लॅश असतो. मधलं चिन्ह काढून टाकलं की दोघं मिळून वीस आकडी नंबर तयार होतो. म्हणून साफ करण्याआधी तोडा, स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्स नावाचा पर्याय आहे त्यानं. जुन्या डायरीत आणखी एक गंमत सापडते, नंबर लिहिलाय अन् स्लॅश देऊन फक्त दोन आकडे. तो नंबर नाही बाप्पा, तो शेजारचा लँडलाइन आहे, ४१ किंवा ४२, शेवटचे दोन तेवढे बदला असा अर्थ. हे हातानंच सोडवावं लागतं.

अन् वॉट्सअॅप वेबवरून कॉपी-पेस्ट केलेल्या नंबरांत न दिसणारी अक्षरं येतात. स्पेससारखी दिसते पण साधी स्पेस नसते, ट्रिम लावून जात नाही. वर सांगितलेलं रेजेक्सवालं फंक्शन ती पण काढतं, म्हणून मला ट्रिमपेक्षा तेच आवडतं.

आता आकडे मोजा

साफ झालेल्या नंबराच्या बाजूला लेन फंक्शननं लांबी काढा अन् त्या लांबीवर सॉर्ट करा. हे केल्याबरोबर अख्खी यादी डोळ्यासमोर उलगडते, मला तर या सगळ्या कामात हीच पायरी सगळ्यात आवडली.

१० आकडे अन् सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नं, तर मोबाइल असू शकतो. असू शकतो म्हणते, आहे म्हणत नाही, का ते खाली येतंच. ११ आकडे अन् पुढं शून्य, तर शून्य काढा. लोकं शून्य लावून नंबर सांगतात कारण लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर १५ जानेवारी २०२१ पासून शून्य लावावाच लागतो, अन् त्याच्याही आधी बाहेरच्या सर्कलचा, म्हणजे दुसऱ्या टेलिकॉम विभागाचा, मोबाइल लावायला लागायचा. १२ आकडे अन् सुरुवात ९१ नं, तर अन् तरच पुढचे दोन काढा. नुसतं ९१ बघून काढलं की काय होतं ते वर सांगितलंच. १४ आकडे अन् पुढं ००९१, तर चार काढा.

९ आकडे म्हणजे एक कुठंतरी गळला. ११ आहेत अन् पुढं शून्य नाही म्हणजे एक जास्तीचा आला. इथं अंदाज लावायचा नाही. शेवटी दोनदा सात आहे म्हणजे एक सात जास्तीचा असेल, असं वाटतं, माझं पण झालं, अन् तसा दुरुस्त केलेला नंबर कुणाला लागला माहितीये, हिंगण्याच्या एका वेल्डिंगवाल्याला. चुकीचा नंबर निदान चुकीचा दिसतो तरी, अंदाजानं दुरुस्त केलेला बरोबर दिसतो अन् मग कधीच सापडत नाही. अशा ओळींसमोर डायरी बघ असं लिहा अन् पुढं चला.

अन् आता ती गोष्ट, ज्यात पुण्या-मुंबईची माणसं फसत नाहीत अन् आपण विदर्भवाले हमखास फसतो. नागपूरचा कोड ०७१२, पुढं सात आकडी नंबर. शून्य गळाला तर ७१२ अन् सात, मिळून दहा. सुरुवात ७ नं. म्हणजे आपला लँडलाइन वर सांगितलेल्या मोबाइलच्या परीक्षेत फर्स्ट क्लासनं पास होतो. पुण्याचा ०२०, मुंबईचा ०२२, त्यातला शून्य गळाला तरी पुढं २ राहतो, लगेच पकडला जातो. आपल्याकडे अमरावती ०७२१, अकोला ०७२४, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२, यवतमाळ ०७२३२, भंडारा ०७१८४, गोंदिया ०७१८२, सगळे ०७ वाले, अन् कोड नंबर मिळून सगळ्यांचे दहाच होतात. इंटरनेटवर मिळणारा साधा नियम, की दहा आकडे अन् सहा ते नऊनं सुरुवात म्हणजे मोबाइल, तो आंधळेपणानं लावला तर धरमपेठेतल्या अर्ध्या आजींचे लँडलाइन मोबाइल ठरतात अन् त्यांना वॉट्सअॅप पाठवत बसा.

म्हणून मी एक वेगळा कॉलम काढला अन् त्यात ७१२२ नं सुरू होणारे आधी बाजूला केले, मग ७२१२, ७२४२, ७१५२२ असे एकेक. कोडच्या पुढचा पहिला आकडा २ असेल तर बहुतेक करून बीएसएनएलचा जुना लँडलाइन. कोड लिहिणारं कुणी ओळखीचं असेल तर गूगलची लिबफोननंबर नावाची फुकट लायब्ररी आहे, ती नंबराचा प्रकार सांगते, लँडलाइन का मोबाइल. हजारभर ओळींसाठी एवढं करायची गरज नाही, लाखभर असतील तर करा.

७ आकडी नंबर म्हणजे बहुतेक करून कोड न लिहिलेला नागपूरचा लँडलाइन, अमरावती-अकोल्याचे पण सातच आकडी असतात तेवढं बघा. ६ आकडी अन् पत्ता नागपूरचा, म्हणजे त्याच्याही आधीचा, तेव्हा नागपूरचे नंबर सहाच आकडी होते, नंतर सगळ्यांच्या पुढं २ लागला. मावशीच्या पहिल्या डायरीत असे एकवीस निघाले, ती डायरी मुळात आजीची होती.

बाहेरदेशचे नंबर. मावशीच्या यादीत अमेरिकेतली पोरं आहेत, आईकडे आली की चार किलो कुरडया घेऊन जातात. अमेरिकेचा कोड १ अन् पुढं दहा आकडे. मी आळशीपणा करून सगळ्यांना राइट फंक्शन लावलं होतं, की उजवीकडचे दहा ठेव. न्यू जर्सीचा ७३२ वाला नंबर, त्यातला १ गेला, उरला दहा आकडी, सुरुवात ७, झाला भारतीय मोबाइल. दुबईवाले ९७१ अन् पुढं नऊ, म्हणजे बारा आकडे, लांबी आपल्या ९१ वाल्याइतकीच, पहिला आकडा पण ९. त्याचे उजवीकडचे दहा घेतले की काहीच्या काही तयार होतं. तेव्हा राइट मारू नका. मूळ कॉलममधे अधिकचं चिन्ह असेल अन् त्यापुढं ९१ नसेल तर ती ओळ आधीच वेगळी काढा.

सगळं झालं की साठवताना एकच पद्धत ठेवा, अधिक, ९१, अन् सलग दहा आकडे, मधे स्पेस नाही, डॅश नाही, टेक्स्ट म्हणून. जगभरात हीच पद्धत आहे, आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ई.१६४ म्हणून मानक आहे, त्यात कोड धरून जास्तीत जास्त १५ आकडे बसतात. वॉट्सअॅपला पण देशाचा कोड लागतोच.

डुप्लिकेट आत्ता काढायचे, आधी नाही, कारण साफ होण्याआधी एकच नंबर चार वेषांत असतो. काउंटइफ लावून एकापेक्षा जास्त वेळा आलेले रंगवा, पण डोळे मिटून डिलीट मारू नका. एकाच नंबरावर सासू अन् सून दोघी ऑर्डर देतात, दोघींच्या आवडी वेगळ्या. मी नंबर एकदाच ठेवला अन् नावाच्या कॉलममधे दोघींना लिहिलं, पण ओळख मावशीच्या भाषेतच, म्हणजे झुल्यावाल्या काकू, बँकेतल्या ताई, मनीषनगरची तिसरा माळा. ती नावं मी आधी बदलायला निघाले होते, मावशी म्हणाली, "नको गं बाई, मग मलाच कळणार नाही कोण ते." बरोबर आहे तिचं.

दहाही आकडे नऊ, किंवा नऊपासून खाली शून्यापर्यंत उतरत गेलेले, असे नंबर दिसले की समजा स्टॉलवर कुणीतरी पिच्छा सोडवायला लिहिला. उडवा.

चूक कुठून येते

चुकीचे नंबर बघता बघता मला एक कळलं, की बहुतेक चुका ऐकण्यात झाल्या होत्या. आपण नंबर जोडीनं सांगतो, अठ्ठ्याण्णव, तेवीस, एकोणसत्तर. अन् मराठीत एकम आधी बोलतात, दशक नंतर. त्रेचाळीस ऐकलं की आधी कानावर तीन येतो. घाईत असलं की हात ३४ लिहून मोकळा होतो. एकोणसाठ अन् एकोणसत्तर, एकोणऐंशी अन् एकोणनव्वद, यांची तर वरातच असते. वर नागपूर, सांगणारी हिंदीत उनसठ म्हणते, लिहिणारी मराठी, अन् स्टॉलवर बसवलेली आमची पोरगी इंग्लिश मीडियमची, तिला एकोणसत्तर म्हणजे सत्तरच्या आधी का नंतर तेच नक्की नाही.

कागदावरच्या चुका वेगळ्या. मराठी १ अन् इंग्रजी नऊ हातानं लिहिले की सारखेच दिसतात. मराठी ४ अन् इंग्रजी आठ पण. डायरीत एकाच पानावर दोन्ही प्रकारचे आकडे असतात, मावशी स्वतः मराठी लिहिते अन् काका लिहायला बसले की इंग्रजी. तेव्हा नंबर लागत नसेल तर फेकण्याआधी डायरीत बघा की अक्षर कुणाचं आहे. असे आठ-दहा नंबर मी निव्वळ अक्षर ओळखून जिवंत केले. हा अंदाज नाही बरं, पान समोर आहे, अन् तरी फोन लावून खात्री केलीच.

खरी तपासणी

इथपर्यंत जे केलं त्यानं नंबर दिसायला बरोबर झाला. तो चालू आहे का, अन् चालू असला तर त्याच माणसाकडे आहे का, हे शीट सांगत नाही.

नंबरावरून काही ओळखायला जाऊ नका. ९४२२ म्हणजे बीएसएनएल, असं काका अजूनही छातीठोक सांगतात. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते अन् जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे पुढच्या चार आकड्यांवरून ना कंपनी कळते ना गाव. अन् बंद पडलेला नंबर कायमचा मरत नाही. कायमचा बंद झाल्यावर ९० दिवस तो दुसऱ्याला देत नाहीत, त्यानंतर देऊ शकतात. मावशीला झापणारा तो माणूस असाच निघाला, नवीन सिम घेतलं अन् त्याला आमच्या सक्करदऱ्याच्या काकूंचा जुना नंबर मिळाला. त्याची काय चूक.

सगळ्यांना फोन करायची गरज नाही. गेल्या दोन मोसमांत ज्यांनी ऑर्डर दिली, डिलिव्हरीच्या वेळी फोन उचलला, त्यांचे नंबर तपासलेलेच आहेत, त्यांच्यासमोर शेवटच्या ऑर्डरची तारीख टाका अन् सोडा. उरलेल्यांपैकी मोबाइल आधी वॉट्सअॅपवर बघा. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, अन् पुढं ९१ सकट नंबर, अधिकचं चिन्ह न लावता, असं ब्राउझरमधे टाकलं की नंबर सेव्ह न करता चॅट उघडतं. नंबर वॉट्सअॅपवर नसेल तर तसं सांगतं. असला तर फोटो दिसतो कधीकधी, मावशीला दाखवला की ती लगेच, "हो हीच ती, मिरच्यावाली." पण वॉट्सअॅप नाही म्हणजे नंबर बंद असं समजू नका, साधा फोन वापरणाऱ्या पुष्कळ आहेत.

कॉलर आयडीच्या अॅपमधे दिसणारं नाव पुरावा नाही. ते नाव लोकांनी आपापल्या फोनमधे जे सेव्ह केलं त्यावरून येतं, मावशीचं स्वतःचं नाव तिथं कुरडई आंटी दाखवतं. अन् फुकटात नंबर तपासून देतो म्हणणाऱ्या वेबसाइटवर अख्खी यादी अपलोड करायची नाही, काही झालं तरी नाही. लोकांनी नंबर तुम्हाला दिलाय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी शेजारणीचा नंबर आपण असा कुणाच्या हातात देतो का.

मग उरलेल्यांना फोन. मावशीच्याच नंबरावरून केला, कारण अनोळखी नंबर आजकाल कुणी उचलत नाही अन् उचलला तरी फ्रॉडवाला समजून ठेवून देतात. वेळ संध्याकाळी सहानंतर. नागपुरात एप्रिलच्या दुपारी एक ते चार फोन करणारा माणूस फक्त कर्ज देणारा असतो. आधी आपली ओळख सांगायची, समोरच्याचं नाव-पत्ता आपण बोलायचा नाही, कारण नंबर दुसऱ्याकडे गेला असेल तर आपण एका परक्या माणसाला काकूंचा पत्ता सांगून बसतो.

एक फोन असा झाला.

"नमस्कार, मी वाळवणवाल्या काकूंची भाची बोलून राहिली. कुणाला लागला हा?"

"कोण? अगं हो! मुगवड्या! अगं मी आता मुलाकडे आहे पुण्याला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना. कुरिअर करता का तुम्ही?"

"करतो ना काकू. पत्ता वॉट्सअॅप कराल का? अन् दर वर्षी मेसेज पाठवलेला चालेल ना?"

"चालेल काय, पाठवच. मागच्या वर्षी नाही आला, मी म्हटलं बंद केलं की काय."

मागच्या वर्षी का नाही गेला ते मग कळलं. वॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदम पुष्कळांना पाठवलेला, मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो, अन् काकूंचा फोन नवा होता. एका लिस्टमधे २५६ च्या वर बसत पण नाहीत. त्यामुळे प्रत्येक फोनच्या शेवटी मी म्हणायचे, काकू हा नंबर सेव्ह करून घ्या.

प्रत्येक फोननंतर लगेच शीटमधे लिहा, काय झालं अन् कोणत्या तारखेला. मी पाचच शब्द ठेवले. लागला, दुसऱ्याचा, बंद, उचलला नाही, नको म्हणाले. यात बंद लिहिताना जरा कान देऊन ऐका. नंबर अस्तित्वात नाही असं रेकॉर्डिंग आलं तर बंद. स्विच ऑफ किंवा कव्हरेजबाहेर असेल तर ते उचलला नाही मधे, परत दोन वेगळ्या दिवशी लावा. इनकमिंग सेवा उपलब्ध नाही असं आलं तर बरेचदा रिचार्ज संपलेला असतो, महिन्याभरानं चालू पण होतो. अन् डायल केलेला नंबर तपासा म्हटलं तर खरंच तपासा, माझ्याच हातून दोनदा चुकीचा लागला होता.

नको म्हणाले त्यांची ओळ डिलीट करायची नाही. हे उलटं वाटतं पण ऐका, डिलीट केली अन् पुढच्या वर्षी स्टॉलच्या कागदातून तोच नंबर परत आला तर तुम्ही परत मेसेज करणार अन् तो माणूस परत भडकणार. नंबर राहू द्या, समोर नको लिहून ठेवा, अन् नवीन नंबर आले की आधी या यादीशी ताडून बघा.

घाऊक एसएमएस पाठवायचा विचार असेल तर त्याला वेगळी भानगड आहे, डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर, नोंदणी, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव अन् मेसेजचा साचा मंजूर करून घेणं, अन् १९०९ वर ज्यांनी जाहिराती बंद केल्यात त्यांना प्रमोशनल जात नाही. मावशीच्या आकाराला ते परवडत नाही, आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

या वर्षीपासून स्टॉलवर कागद बंद. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच त्यांच्या फोनवरून मावशीला मिस्ड कॉल द्यायला सांगायचं, नंबर आपोआप येतो, ऐकण्या-लिहिण्याचा प्रश्नच नाही, अन् तो चालू आहे हे पण तिथंच कळतं. ज्यांच्याकडे फोन नसतो, चार्जिंग संपलेलं असतं, त्यांचा नंबर एकेक आकडा सुटा लिहायचा अन् परत वाचून दाखवायचा, सहा, नऊ, एकोणसत्तर नाही. पोरीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई मी तर आधीपासून म्हणून राहिली की सिक्स नाइन बोला."

१३८६ ओळींच्या शेवटी ९४० राहिल्या, त्यातल्या सव्वाशेच्या आसपास लँडलाइन, त्यांना मावशी स्वतः फोन करते, एकेकीशी अर्धा तास. ते एकवीस सहा आकडी नंबर होते त्यांच्यापुढं मी २ लावून बघितला, कोडसकट, चार लागले. उरलेल्या सतरांचे पत्ते डायरीत होते, महाल, इतवारी, गांधीबाग. मी त्या ओळी बंद म्हणून टाकून दिल्या होत्या. मावशीनं डायरीचं ते पान फाडून स्कुटीच्या डिक्कीत ठेवलंय, मसाला आणायला इतवारीत जाते तेव्हा दोन-दोन दारं वाजवून येते. आतापर्यंत सहा सापडल्या, पैकी तिघींनी ऑर्डर दिली, अन् मोबाइल नंबर आणला तो परत मराठी आकड्यांतच, पिशवीवर लिहून.